मधल्या दोघांना ऐका: बीथोवनच्या क्वार्टेटचा आपला सेट कसा निवडावा

व्हॉयेजर यानांबरोबर 1977 साली अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ आहे, हे आपल्याकडे निदान गाण्यातल्या माणसांना ठाऊक असतं. साडेतीन मिनिटांची भैरवी. ती संपली की ब्लाइंड विली जॉन्सन या अमेरिकी गायकाचं हुंकारणं येतं, आणि त्यानंतर, तबकडीच्या अगदी शेवटी, चार तंतुवाद्यांचा सहा मिनिटं सदतीस सेकंदांचा एक संथ तुकडा. बीथोवनच्या ओपस 130 (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक) या स्ट्रिंग क्वार्टेटमधली ‘कावातीना’, वाजवणारे बुडापेस्ट क्वार्टेट; क्वार्टेट हे चार वाद्यांच्या रचनेचंही नाव आणि ती वाजवणाऱ्या चौकडीचंही. मी या संगीताकडे आलो तो केसरबाईंचं बोट धरून. त्यांचं ऐकायचं म्हणून तबकडीची यादी काढली आणि शेवटच्या तुकड्यात अडकलो.

मग ओघानंच वाटलं, बीथोवनची सगळी क्वार्टेट एकत्र असलेला सेट हवा. शोधायला बसलो तर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी गत. प्रत्येक सेटच्या बाजूनं कुणी ना कुणी हिरिरीनं भांडत होतं. कंटाळून एका ‘सर्वोत्तम’ यादीतला पहिला सेट मागवला. वर्षभर तो कपाटात पडून होता. लावला की दहा मिनिटांत कान थकायचे. सेट वाईट नव्हता. मी तो पहिल्या व्हायोलिनवर भाळून घेतला होता, एवढंच. नवख्या माणसानं हा खर्च टाळावा म्हणून पुढचं सगळं.

सेटच्या पेटीत काय असतं

दोन व्हायोलिन (पहिलं आणि दुसरं), एक व्हायोला, एक चेलो. मधले दोघे म्हणजे दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला. व्हायोला हे व्हायोलिनपेक्षा अंगानं जरा मोठं आणि पंचमाच्या अंतरानं खाली लावलेलं वाद्य. लांबून पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात. ऐकलं की व्हायोलाचा आवाज किंचित घशातला, ओलसर वाटतो. तबला नाही, तानपुरा नाही, हातवारे करणारा संचालकही नाही. चौघांनी एकमेकांकडे बघत वाजवायचं.

ख्याल ऐकणाऱ्याला इथं पहिला प्रश्न पडतो: सूर जर कागदावर लिहून ठेवलेले आहेत, तर दहा जणांचे दहा सेट कशाला? आपल्याकडे बंदिश ठरलेली आणि विस्तार ज्याचा त्याचा. इथं विस्तारही लिहिलेला. मग उरतं काय? लय किती धरायची, चौघांत कुणाचा आवाज किती वर ठेवायचा, गजाचा दाब, सुरावरचा कंप, दोन वाक्यांमधली उसंत. ऐकताना कळतं की हे ‘उरलेलं’ भरपूर आहे.

बीथोवनची क्वार्टेट एकूण 16, शिवाय ‘ग्रोसे फुगे’ नावाचा एक स्वतंत्र राक्षस. सगळं मिळून साडेआठ तासांच्या आसपास. तीन थर पडतात. ओपस 18 ची सहा, 1801 मध्ये छापलेली, तिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाची. मग मधली पाच: व्हिएन्नातल्या रशियन राजदूतासाठी, काउंट राझुमोव्हस्कीसाठी, 1806 मध्ये लिहिलेली ओपस 59 ची तीन, त्यानंतर ओपस 74 आणि ओपस 95. शेवटची पाच 1824 ते 1826 मधली, जेव्हा कानांनी पूर्ण साथ सोडली होती: ओपस 127, 132, 130, 131, 135. हा क्रम मुद्दाम असा दिला आहे, कारण लिहिली गेली ती याच क्रमानं. छापील क्रमांकावर जाऊ नका. पंधरावं क्वार्टेट तेराव्याच्या आधी तयार झालं होतं. शोधतानाही ‘क्वार्टेट नंबर अमुक’पेक्षा ओपसचा आकडा टाकलेला बरा, चूक होत नाही.

पायरी पहिली: सेट बाजूला ठेवा, एक तुकडा घ्या

साडेआठ तासांची तुलना कुणीच करत नाही. जे करतो म्हणतात त्यांच्याकडे जरा संशयानं बघा. तांदूळ शिजला का हे बघायला एक शीत पुरतं, तसा एक तुकडा घ्यायचा आणि तोच चार सेटमधून ऐकायचा. माझं शीत म्हणजे तीच कावातीना, ओपस 130 चा पाचवा भाग.

ती सुरू होते दुसऱ्या व्हायोलिनपासून. पहिलं व्हायोलिन मागून येतं. दबक्या आवाजात वाजवा अशी सूचना सुरुवातीलाच लिहिली आहे. पुढं बराच वेळ दोघं एकमेकांची वाक्यं उचलतात. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. चारेक मिनिटं झाली की जमीन अचानक बदलते. खालची तीन वाद्यं अगदी हलक्या आवाजात एकसारखे ठोके धरतात आणि त्यावर पहिलं व्हायोलिन तुटक, ठोक्याच्या मागंपुढं, अडखळत बोलायला लागतं. बीथोवननं तिथं जर्मनमध्ये एकच शब्द लिहिला आहे, ‘बेक्लेम्ट’. छाती दाटून आलेली, श्वास कोंडलेला, असा त्याचा अर्थ. मिनिटभराच्या आतबाहेरच हा प्रसंग संपतो आणि पहिली धून परत येते, जणू मधे काही झालंच नाही.

या तुकड्याबद्दलची एक माहिती माझ्या मुद्द्याला उपयोगी आहे. कावातीना लिहिताना बीथोवनच्या डोळ्यांत पाणी होतं, ही आठवण सांगणारा माणूस कार्ल होल्ट्झ. तो त्या काळी बीथोवनची पत्रव्यवहाराची, निरोपानिरोपीची कामं बघायचा आणि व्हायोलिनवादक शुपानझिगच्या ज्या चौकडीनं 21 मार्च 1826 ला हे क्वार्टेट पहिल्यांदा वाजवलं, तिच्यात दुसऱ्या व्हायोलिनवर तोच होता. म्हणजे कावातीनाचा पहिला सूर जगासमोर काढला तो त्यानं. आणि खुद्द बीथोवन तरुणपणी बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात वाजवायचा ते व्हायोला. मधल्या खुर्च्यांवर बसून ऐकलेल्या माणसानं हे संगीत लिहिलं आहे.

पायरी दुसरी: साल बघा, मग नाव बघा

इथं नवखा हमखास घसरतो. एकाच चमूनं हीच क्वार्टेट दोन-दोनदा रेकॉर्ड केलेली असतात आणि मुखपृष्ठावर नाव मात्र तेच. बुडापेस्ट क्वार्टेटचा 1951–52 चा मोनो सेट आहे, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये केलेला, आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीला सुरू झालेला स्टिरिओ सेट वेगळा. (नावात बुडापेस्ट असलं तरी तोवर त्यात एकही हंगेरियन उरला नव्हता, चौघेही मूळचे रशियन साम्राज्यातले.) शांडोर व्हेगच्या चौकडीचे दोन: 1952 चा मोनो, 1972–74 चा स्टिरिओ. आल्बान बेर्ग क्वार्टेटचे दोन: 1978 ते 1983 मधला स्टुडिओतला आणि 1989 मध्ये व्हिएन्नाच्या कोन्झर्टहाउसमध्ये श्रोत्यांसमोर वाजवलेला. स्टुडिओ सेट चालू असताना, 1981 मध्ये, त्यांचा व्हायोलावादक बदलला. पेटी एकच, मधला माणूस निराळा.

कंपन्यांची नावंही बदलली आहेत. क्वार्टेटो इटालियानोचा 1967 ते 1975 चा सेट फिलिप्सचा, आता तो डेक्काच्या नावानं सापडतो. आल्बान बेर्ग ईएमआयचे होते, आता वॉर्नरकडे आहेत. जुन्या लेखात ‘फिलिप्स’ वाचून तेच शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

माझ्या मते सुरुवातीला चार पुरेत: बुडापेस्टचा मोनो, व्हेगचा स्टिरिओ, क्वार्टेटो इटालियानो आणि टाकाच. टाकाच हा 1975 मध्ये बुडापेस्टमध्ये जन्मलेला आणि पुढे अमेरिकेतल्या कोलोरॅडोत स्थायिक झालेला चमू. त्यांचा डेक्कासाठीचा सेट या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतला. पाचवा हवाच असेल तर आल्बान बेर्ग. अडॉल्फ बुशच्या चौकडीनं 1930 च्या दशकात केलेली काही क्वार्टेट जुन्या खरखरीसकट आजही थरारून सोडतात, पण त्यांनी सोळाच्या सोळा कधी केलीच नाहीत, म्हणून ती या यादीत नाहीत. कधीतरी स्वतंत्रपणे नक्की ऐका.

पैसे एवढ्यात घालवू नका. मुंबईत काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झालं. दुकानात उभं राहून ‘जरा लावून दाखवा’ म्हणायची सोय तशीही आता उरलेली नाही. स्ट्रीमिंगवर हे चारही मिळतात, तिथं चाळा, ठरवा, आणि मगच पेटी मागवायची की नाही ते बघा.

पायरी तिसरी: तीन फेऱ्या, एका बैठकीत एकच सेट

लोकलमध्ये ऐकू नका. दबक्या आवाजात वाजलेलं सगळं गाडीच्या खडखडाटात जातं आणि हाती फक्त पहिलं व्हायोलिन उरतं, म्हणजे नेमकी माझी चूक. स्वयंपाकघरात कुकर चालू असतानाही नको. रात्री दहानंतर, हेडफोन लावून. स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये पहिलं व्हायोलिन डाव्या कानाकडे असतं, दुसरं बहुतेक वेळा त्याच्या शेजारी, आणि व्हायोला-चेलो उजवीकडे. मोनोत ही सोय नाही, तिथं आवाजाच्या जातीवरून ओळखावं लागतं. दोन दिवसांत कान तयार होतो.

पहिल्या फेरीत फक्त दुसरं व्हायोलिन. पहिला सूर त्याचा आहे हे आता माहीत आहे, तिथून त्याला सोडायचं नाही. पहिलं व्हायोलिन आल्यावर हा माणूस मागं सरून नुसती साथ करायला लागतो, की बोलणं चालू ठेवतो? काही सेटमध्ये तो चक्क नाहीसा होतो. एमर्सन क्वार्टेटमध्ये दोन्ही व्हायोलिनवादक आळीपाळीनं पहिल्या खुर्चीवर बसत, त्यामुळं तिथं दुसरा कधी दुय्यम वाटत नाही. उलट अमेडियस क्वार्टेटच्या 1959–63 च्या सेटमध्ये नॉर्बर्ट ब्रेनिनचं पहिलं व्हायोलिन असं भरघोस की बाकीचे त्याच्या सावलीत. कुणाला तेच आवडतं, हरकत नाही. पण ते आपल्याला आवडतंय हे कळून आवडावं. जाता जाता: झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता, मुंबईचे, अमेरिकेतल्या कर्टिस क्वार्टेटमध्ये होते ते दुसऱ्याच व्हायोलिनवर. या खुर्चीशी आपलंही थोडं नातं आहे.

दुसऱ्या फेरीत व्हायोला, आणि तेही ‘बेक्लेम्ट’च्या जागी. वर व्हायोलिन हुंदके देत असतं म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडं जातं. तुम्ही खालचे ठोके ऐका. ते घड्याळासारखे कोरडे पडत असतील तर वरचं रडणं नाटकी वाटतं. ते ठोकेच जरा धास्तावलेले असतील, शेजारच्या खोलीत कुणी आजारी असताना घरातली माणसं चालतात तसे, तर वरच्या तुटक सुरांना काही वेगळं करावंच लागत नाही.

तिसऱ्या फेरीत काही शोधायचं नाही. दिवा मालवून ऐकायचं.

प्रत्येक सेटला वहीत दोन ओळी, त्याच रात्री. माझ्या वहीतल्या जशाच्या तशा देतो. बुडापेस्ट मोनो: ‘घाई नाही, पण रेंगाळतही नाहीत. कोरडं वाटलं, दुसऱ्यांदा नाही.’ व्हेग: ‘सूर कुठंकुठं मळका. चौघं माणसं बोलतायत.’ इटालियानो: ‘फार सुंदर. जरा जास्तच?’ टाकाच: ‘व्हायोला!! ठोक्यात धडधड.’ दोन उद्गारचिन्हं मी सहसा देत नाही.

पायरी चौथी: आणखी दोन खुणा

कावातीनात जिंकलेला सेट दुसरीकडे हरू शकतो, म्हणून निदान दोन जागा आणखी तपासा.

ओपस 59 मधल्या तिसऱ्या क्वार्टेटचा शेवटचा भाग लावा. तो सुरू करतं एकटं व्हायोला, भरधाव. मग दुसरं व्हायोलिन तीच धून घेतं, मग चेलो, सगळ्यात शेवटी पहिलं व्हायोलिन. चौघंही सुसाट सुटल्यावर मधल्या दोघांचे सूर सुटेसुटे ऐकू येतात की पिठलं होतं, ते बघा. बीथोवननं पहिल्या 11 क्वार्टेटना मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे स्वतः दिले आहेत आणि ते छातीत धडकी भरवणारे आहेत. शेवटच्या पाचांना आकडे दिलेच नाहीत, त्यामुळं तिथं लयीवरून भांडायला सगळे मोकळे.

दुसरी जागा ओपस 132 चा तिसरा भाग. 1825 च्या वसंतात मोठ्या आजारातून उठल्यावर लिहिलेलं हे कृतज्ञतेचं स्तोत्र, कोण वाजवतं त्यावर पंधरा ते वीस मिनिटांचं. त्यानं ते लिडियन या जुन्या चर्चमधल्या स्वरपंक्तीत लिहिलं, म्हणजे आपल्या हिशोबानं तीव्र मध्यमासकट कल्याण थाटाचे सूर. हे मी एका मित्राला सांगितलं आणि तो पुढची वीस मिनिटं यमन शोधत बसला. तसं करू नका. सूर तेच असले तरी चाल इथली नाही, आणि शोधाच्या नादात संगीत हातचं जातं. इथं बघायचं ते इतकंच: इतक्या संथ लयीत काही चमू सुरावरचा कंप जवळजवळ काढून टाकतात, काही ठेवतात. सरळ सूर तुम्हाला शांत करतो की पोकळ वाटतो? उत्तर ज्याचं त्याचं.

ओपस 130 च्या शेवटाबद्दल मात्र पेटी उघडण्याआधी माहिती काढा. मूळ शेवट ग्रोसे फुगेचाच होता. तो ऐकणाऱ्यांना झेपेना, म्हणून प्रकाशक आर्टारियानं होल्ट्झमार्फत गळ घातली आणि बीथोवननं 1826 च्या शरदात दुसरा, हलका शेवट लिहून दिला. त्यानंतर काही महिन्यांत, 26 मार्च 1827 ला, तो गेला. सेटमध्ये फुगे कावातीनाच्या लगेच नंतर आहे की वेगळ्या सीडीवर, त्यावर तुमचा अनुभव पालटतो. स्ट्रीमिंगवर आपणच यादी करून दोन्ही शेवट लावून बघता येतात. हे सुख तेव्हाच्या राजदूतांनाही नव्हतं.

पायरी पाचवी: फोन

छोटी पण मोलाची. एका गाण्यातून दुसऱ्यात मिसळत जाणारी सोय, क्रॉसफेड, बंद करा. शफल बंद करा. ओपस 131 चे सात भाग मधे न थांबता वाजवायचे असतात. क्रॉसफेड चालू असेल तर सांधे विरघळतात आणि ट्रॅकमध्ये फट पडत असेल तर श्वास तुटतो. फुकटच्या खात्यावर तर ऐकूच नका. माझ्याकडे एकदा ओपस 132 चं ते स्तोत्र संपून शेवटचा सूर विरतोय न विरतोय तोच एका बाईंनी पाच मिनिटांत कर्ज मंजूर करून द्यायचं आश्वासन दिलं. बीथोवनला कदाचित पटलं असतं म्हणा. ओपस 135 च्या शेवटच्या भागावर ‘व्हायलाच हवं का? व्हायलाच हवं!’ असं त्यानं लिहिलं आहे, ते मुळात उधारीवरूनच. डेम्बशर नावाच्या एका धनिकाला शुपानझिगच्या मैफलीचे पैसे न भरता ओपस 130 घरी वाजवून हवं होतं. आधी पन्नास फ्लोरिन टाका, असा निरोप गेला तेव्हा त्यानं हसत विचारलं, व्हायलाच हवं का?

मग कुणाचा घ्यायचा

तुमच्या वहीत काय निघालंय ते मला माहीत नाही, म्हणून स्वभावावरून सांगतो. पहिल्यांदाच ऐकताय आणि पुढच्या क्षणी काय होणार याची उत्सुकता हवी असेल तर टाकाच. रेकॉर्डिंग स्वच्छ, मधली दोन वाद्यं कधी हरवत नाहीत. संथपणा झेपत असेल, घुमारा आवडत असेल तर क्वार्टेटो इटालियानो. त्यात पहिलं व्हायोलिन पाओलो बोर्चानी आणि दुसरं एलिसा पेग्रेफ्फी, नवरा-बायको. त्या दोघांचं एकमेकांचं वाक्य पुरं करणं ऐकत राहावं असं आहे. आल्बान बेर्ग घोटीव, चकचकीत, एकही टाका उसवलेला नाही. मला तिथं घाम दिसत नाही म्हणून करमत नाही, पण पुष्कळांना त्याचसाठी हवे असतात. सुराच्या बाबतीत तुमचा कान कडक असेल तर व्हेगपासून जपून. तिथं काही जागा खरंच खटकतात.

मी शेवटी व्हेग घेतला. महिनाभर रोज रात्री एकच क्वार्टेट, त्याच क्रमानं, 127 पासून. मळका सूर अजूनही खटकतो, आणि कावातीनात दुसरं व्हायोलिन सुरू झालं की पाच सेकंदांत विसरायला होतं. ओपस 18 ची सहा मात्र मी त्या पेटीतून लावत नाही, ती टाकाचची. आणि कपाटातला तो पहिला सेट शेजारच्या मुलाला दिला. तो व्हायोलिन शिकतो, त्याला फार आवडलाय.